हळदीखालचं तोंड

सांगलीच्या मार्केट यार्डामागे हळद दळायच्या गिरण्या आहेत. त्यातल्या एका गिरणीत बिरदेव कारंडे कामाला लागला तेव्हा मालकाने त्याला ऑफिसात बसवलं होतं. पोरगा बी.कॉम. झालेला, संगणकावर बोटं चालणारी, बोलायला मऊ. महिनाभरात तो स्वतःच मालकापुढे जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, मला आत चक्कीवर टाका. मालकाला वाटलं, ऑफिसात कुणाशी तरी वाजलं असणार. तसं काही नव्हतं. त्याच्या टेबलासमोर काचेचं कपाट होतं आणि ट्यूबलाइट बरोबर डोक्यावर होती, एवढंच.

चक्कीवर काच नव्हती. सकाळी पट्टा फिरायला लागला की हळदीची भुकटी जी उडायची ती संध्याकाळपर्यंत. भुवया, पापण्या, कानाच्या पाळ्या, सगळं एका रंगात बुडायचं. पाटणहून आलेला सयाजी पन्नाशीचा आणि बिरदेव तेवीसचा. पण दुपारी डबा उघडून शेजारी बसले की भाऊ-भाऊ दिसायचे. तिथे कुणालाच तोंड नव्हतं. बिरदेवला हेच हवं होतं.

सुट्टी झाली की बाकीचे नळावर गर्दी करायचे, साबण फिरवून माणसात यायचे. बिरदेव तसाच खोलीवर निघायचा.

"आरं, नवरदेवबी दुसऱ्या दिवशी हळद धुतो," सयाजी नळावरून ओरडायचा. "तुझी कवा उतरायची?"

"ऱ्हाऊ द्या की. उद्या परत बसणारच हाय."

"पोरगी कोण दील तुला? कावीळ हाय म्हणतील गड्या!"

सगळे हसायचे. बिरदेवही हसायचा. हळदीखाली त्याला हसायला जमायचं.

खरं सांगायचं तर त्याच्या तोंडाला काही झालेलं नव्हतं. सोळाव्या वर्षी सगळ्यांना येतात तशा पुटकुळ्या त्याला आल्या आणि गेल्या. डाव्या गालावर, नाकाच्या कडेला, दोन-तीन फिकट खुणा राहिल्या. हात लावून शोधल्या तर सापडाव्यात अशा. पण जतला बारावीत असताना मागच्या बाकावरचा एक पोरगा म्हणाला होता, "काय रं बिऱ्या, तोंडावर मेंढरं चारलीस का काय?" वर्ग हसला. धनगराचं पोर म्हणून मेंढरांवरून टोमणे त्याने आधीही ऐकले होते, ते अंगाला लागले नव्हते. हा लागला. बोलणारा तास संपेपर्यंत विसरूनही गेला असेल. बिरदेवने मात्र घरी येऊन वडिलांचा दाढीचा आरसा खिडकीशी नेला, गाल उजेडात धरला, आणि त्याला दिसलं. मेंढरं चरून गेलेला माळ. ओल्या मातीत उमटून वाळलेले खुरांचे खड्डे.

त्या दिवसापासून ते खड्डे बुजले नाहीत. मोटारसायकलच्या आरशात, एसटीच्या खिडकीत, पाण्याच्या तांब्यावर, बंद मोबाइलच्या काळ्या काचेत ते होतेच. बघायचं नाही म्हटलं तरी मान वळायची. वर्गात तो डावा गाल भिंतीकडे करून बसायला लागला. मित्राच्या लग्नाला नवे कपडे घालून गेला आणि मांडवाच्या दारात व्हिडिओवाल्याचा दिवा बघून अक्षता न टाकता परत फिरला. मित्राने बोलणं सोडलं. सुट्टीच्या दिवशी तो तोंड धुऊन आरशासमोर जरा उभा राहायचा, एवढंच बघायला की आज कमी आहे का. आणि भानावर यायचा तेव्हा ऊन खिडकी सोडून गेलेलं असायचं, नखांना रक्त असायचं.

औषधाच्या दुकानातून त्याने एक मलम आणलं. पहिले काही आठवडे कातडी काचेसारखी झाली. मग ती पातळ पडली, ऊन लागलं की पेटायला लागली, मलम थांबवलं की लाल व्हायची. लाल गाल बघून त्याची खात्रीच पटली. एवढं मलम लावूनही बरं होत नाही म्हणजे दुखणं केवढं असेल!

मिरजेत तीन डॉक्टर झाले. पहिल्याने काही नाही म्हणून हसून घालवलं. दुसऱ्याने मलम बंद करायला सांगितलं आणि तेच म्हटलं, काही नाही. तिसऱ्या डॉक्टर बाई होत्या. त्यांनी भिंग लावून गाल बराच वेळ पाहिला. मग भिंग ठेवलं आणि खुर्ची त्याच्याजवळ ओढली.

"मी काही नाही म्हटलं तर तू चौथ्या डॉक्टरकडे जाशील," त्या म्हणाल्या. "म्हणून तसं म्हणत नाही. तुला होतोय तो त्रास खरा आहे. फक्त तो कातडीत नाही. हा आजार आहे, तुझ्यासारखे बरेच जण येतात आणि बरेही होतात. पण त्याचा डॉक्टर वेगळा. खालच्या मजल्यावर बसतात, मी स्वतः तुझ्याबरोबर येते."

खालच्या मजल्यावर पाटी होती मनोविकारांची, ती त्याने येताना वाचली होती. बाई फोन घ्यायला वळल्या तेवढ्यात बिरदेव जिना उतरून रस्त्यावर आला. वेडा म्हणाल्या, एवढंच त्याने ऐकलं. शिवाय खड्डे इतके खोल असतील की डॉक्टरलाही तोंडावर सांगवत नसेल, हेही आलंच मनात.

त्यानंतर काही दिवसांनी त्याला गिरणी सापडली. गिरणी म्हणजे त्याचं औषधच झालं.

अडचण घरची होती. घर जतच्या पूर्वेला, कारंडेवस्तीवर. वडील नानासो, आई हरणाबाई. थोडी ज्वारी, बाकी मेंढरं. दर अमावास्येला बिरोबाला नारळ असतो म्हणून पोराने यायचं, असा नेम. पहिल्या अमावास्येला बिरदेव शनिवारच्या कामावरून तसाच एसटीत बसला आणि पिवळाजर्द होऊन दारात उभा राहिला. हरणाबाईने न्हाणीत पाणी काढलं.

"धू की तोंड. किती माखलंयस!"

"ऱ्हाऊ दे आये."

"ऱ्हाऊ दे काय? भाकरी खायाचीय. ये हिकडं, मी धुते." आईने ओला हात पुढे केला.

बिरदेव एकदम मागे सरला. काहीतरी बोलणं भाग होतं, आणि जे तोंडात आलं ते तो बोलून गेला. "हात लावू नगंस. देवाचा भंडारा हाय ह्यो. धुयाचा न्हाई म्हणून बोललोय मी."

हरणाबाईचा हात तिथेच थांबला. बिरोबाचा भंडारा म्हणजे हळदच. तिने पोराकडे पाहिलं, पिवळ्या तोंडात नुसते दोन डोळे, आणि पदर कपाळाला लावला. नानासो ओसरीवर चिलीम भरत होते, त्यांनी चिलीम खाली ठेवली.

"कवापासनं?" त्यांनी हळूच विचारलं.

"झालं थोडं दिवस."

"आमाला बोलला न्हाईस."

"असलं बोलून दावायचं आसतंय व्हय, आबा?"

बापाचे डोळे भरून आले. बारावीनंतर पोरगं माणसातून उठलं होतं, जेवणावर लक्ष नाही, कुणाशी बोलणं नाही. कुणी म्हणालं पोरीचं लफडं, कुणी म्हणालं दारू. आता नानासोंना सगळ्याचं उत्तर मिळालं. पोरगं देवाचं झालं होतं.

बिरदेवला त्या रात्री फार दिवसांनी घरी झोप लागली. खोटं बोललो याची बोच होती, पण ती गालापुढे काहीच नव्हती. पुढच्या अमावास्येला वस्तीवरच्या बायका त्याला वाट द्यायला लागल्या. म्हातारी माणसं "या देवा" म्हणायला लागली. बापाची मान ताठ झाली. कधीही चार लोकांत न बोलणारे नानासो पारावर बसून सांगायला लागले, "सांगलीत ऱ्हातंय, पर अंगावरचा भंडारा उतरत न्हाई त्येच्या."

आणि चैत्रात, जत्रा तोंडावर आली असताना, आबांचा फोन आला.

"बिरू, यंदा छत्री तुझ्याकडं दिली."

बिरदेव चक्कीपासून लांब, पोत्यांच्या थप्पीमागे गेला. "काय म्हणालासा?"

"देवाची छत्री रं! तात्याबा पुजाऱ्यानं सोता माझ्या दारात यून सांगितलं. आपल्या घरात कवा आली न्हवती. तुझ्या आज्यालाबी मिळाली न्हाई." फोनमधून आबांचा श्वास ऐकू येत होता. "पावणं सांगितल्यात सगळं. तू दोन दिस आधी ये."

कारंडेवस्तीच्या बिरोबाची रीत त्याला लहानपणापासून पाठ होती. छत्री धरणारा गडी बिनलग्नाचा असतो. जत्रेच्या सकाळी त्याला देवळापुढच्या दगडी चौथऱ्यावर उभं करतात. सगळ्या गावासमोर म्हातारा पुजारी त्याला न्हाऊ घालतो, त्याचं तोंड स्वतःच्या हातांनी धुतो, स्वच्छ करतो. गावाने ते तोंड बघायचं. मग पुजारी विचारतो, "वळखलं का?" आणि गाव ओरडतं, "वळखलं!" मगच कपाळाला पहिला भंडारा लागतो आणि छत्री उघडते. देवाचा माणूस गावाला ओळखीचा असला पाहिजे, असा त्यामागचा हिशेब.

तोंड लपवायला जो देव त्याने पुढे केला होता, तोच देव त्याला उघड्या तोंडाने गावापुढे उभा करणार होता.

"आबा, मला जमायचं न्हाई. सुट्टी न्हाई."

"मी मालकाशी बोलतो."

"दुसऱ्या कुणाला—"

"बिरू." आबांचा आवाज बदलला. "देवाचं आलेलं माघारी धाडत न्हाईत. आन तू तर त्येचाच हायस. का घाबरतूस?"

त्याने फोन ठेवला. सयाजी पोतं टाकून जवळ आला. "काय झालं रं? घरचं बरं हाय न्हवं?"

बिरदेवला वाटलं, याला सांगावं. सांगितलं तर हा म्हणेल, दाव बघू गाल. मग म्हणेल, काय न्हाई की रं. "काय न्हाई," तो स्वतःच म्हणाला, आणि चक्कीकडे गेला.

यार्डात हळकुंडाला पॉलिश करायचे मोठे पिंप असतात. शेतातून उकडून-वाळवून आलेलं हळकुंड काळपट, खरबरीत, मुळ्या चिकटलेलं असतं. ते पिंपात टाकून फिरवत ठेवतात. एकमेकांवर घासून वरची साल भुकटी होऊन खाली पडते आणि हळकुंड गुळगुळीत, चकाकत बाहेर येतं. बिरदेव ते रोज बघत होता. फोनच्या दुसऱ्या दिवशी तो त्या पिंपासमोर उभा राहिला आणि तिथून हलेना. घासलं की साल जाते. साल गेली की खड्डे जातात. इतकी सरळ गोष्ट एकाही डॉक्टरला कशी सुचली नाही?

गावी जाताना त्याच्या पिशवीत धुतलेलं धोतर होतं, आईसाठी पातळ होतं आणि सुताराकडे असतो तसला पॉलिशपेपर होता.

जत्रेच्या सकाळी उजाडताच ढोल-कैताळाचा आवाज माळावर फिरायला लागला. पाव्हण्यांच्या गाड्या येत होत्या. घरात कुणाचं कुणाकडे लक्ष नव्हतं. बिरदेव मेंढरांच्या वाड्यामागच्या छपरात गेला आणि दार ओढून घेतलं. किती वेळ लागला ते त्याला कळलं नाही. पहिल्यांदा आग झाली, मग आग सगळीकडे पसरली आणि गाल आपला वाटेनासा झाला. बोट फिरवून बघावं तर ओलं लागत होतं, आणि ओल्यात गुळगुळीत की खरबरीत ते कळत नव्हतं. अजून थोडं. अजून थोडं. बाहेरून आईने हाक मारली तेव्हा त्याने पिशवीतली हळद मुठीने गालावर दाबली. डोळ्यांपुढे अंधारी आली. दातांत धोतराचा सोगा धरून तो उभा राहिला, आणि मग बाहेर आला.

हरणाबाईने कडाकडा बोटं मोडली. "काय तेज आलंय पोराच्या तोंडावर!" ती शेजारणीला म्हणाली.

यंदा देवळाच्या विहिरीने तळ दाखवला होता. न्हाऊ घालायला टँकरचं पाणी आणून पितळी घंगाळात ओतलं होतं. चौथऱ्याभोवती माणूस मावत नव्हतं. लहान पोरं बापांच्या खांद्यावर, बाया देवळाच्या पायऱ्यांवर, आणि सगळ्यांच्या हातात उंच धरलेले मोबाइल. बिरदेवला माणसं दिसलीच नाहीत. दिसल्या त्या काळ्या काचा, ऊन झेलणाऱ्या, सगळ्या त्याच्याकडे वळलेल्या. त्याने पळायला जागा शोधली. समोर आबा होते. नवा फेटा बांधून, मानाच्या बकऱ्याची दोरी धरून, हसत. उभ्या आयुष्यात ते असे हसल्याचं त्याने पाहिलं नव्हतं.

"बिरोबाच्या नावानं..." तात्याबा पुजाऱ्याने तांब्या वर उचलला.

"चांगभलं!"

पहिला तांब्या डोक्यावर पडला. पिवळं पाणी छातीवरून वाहिलं. दुसरा पडला. तात्याबाचा राकट पंजा कपाळावरून फिरला, उजव्या गालावरून फिरला, डाव्या गालावर आला. बिरदेवच्या तोंडून जी किंकाळी निघाली ती ढोलाच्या वर गेली.

तात्याबाने हात मागे घेतला आणि आपल्याच तळव्याकडे बघत राहिला. चौथऱ्यावरून ओघळणारं पिवळं पाणी तांबडं व्हायला लागलं होतं. पुढच्या ओळीतला ढोल थांबला. मागच्यांना काही कळलं नाही, ते वाजवतच राहिले.

"रगात!" कुणीतरी म्हणालं.

"देवानं निशाणी दिली!" पायरीवरून एक म्हातारी ओरडली. "देव आला त्येच्यात! पाया पडा!"

लोक रेटून पुढे आले. कुणी त्याचे पाय धरले, कुणी तांबडं पाणी बोटाने कपाळाला लावलं. मोबाइल आणखी जवळ आले. बिरदेवने दोन्ही हातांनी गाल झाकला. तेव्हा एकाने, चांगल्या मनानेच, त्याचे हात बाजूला धरले, सगळ्यांना दर्शन व्हावं म्हणून. "बघू नगासा," बिरदेव म्हणत होता. "पाया पडतो, बघू नगासा." ते कुणाला ऐकू गेलं नाही.

नानासो दोरी सोडून गर्दीत घुसले. चौथऱ्यावर चढून त्यांनी पोराची हनुवटी धरली आणि तोंड उजेडाकडे वळवलं. जन्म मेंढरांत गेलेला माणूस. खरूज झालेलं मेंढरू दगडाला अंग घासतं, एकाच जागी, कातडं सुटेपर्यंत, आणि हाकललं तरी पुन्हा त्याच दगडापाशी येतं. ती जखम त्यांनी अनेकदा धुतली होती. गालावर तशाच रेघा होत्या. आडव्या, एकीवर एक.

"कुणी केलं ह्ये?"

"मीच."

"का रं?"

"खड्डे हाईत, आबा." बिरदेव हुंदके देत होता, पण आवाज इतका खाली होता की फक्त बापाला ऐकू यावा. "लय खड्डे हाईत. बारावीपासनं. सगळ्यास्नी दिसत्यात. म्हणून हळद लावत हुतो. देवबिव काय न्हाई त्यात."

नानासोंचा हात हनुवटीवरच राहिला. मागून तात्याबा म्हणाला, "नाना, छत्री थांबलीया. असं अर्ध्यात सोडता येत न्हाई. कपाळाला भंडारा लावतो, गाल झाकून घिऊ."

"न्हाई."

"आवं, देवाची निशाणी—"

"निशाणी न्हाई ती!" नानासो गर्दीकडे वळले. फेटा सुटून खांद्यावर आला होता. "पोरगं माझं आजारी हाय. देव न्हाई त्येच्या अंगात. मीच तसं सांगत फिरलो. छत्री दुसऱ्याला द्या."

माळावर गलका उठला. कुणीतरी शिवी दिली. मघाची म्हातारी कपाळाचं पाणी पदराने खसाखसा पुसायला लागली. नानासोंनी फेट्याचं टोक ओलं केलं, पोराच्या गालावर हलकेच ठेवलं आणि त्याला काखेत धरून गर्दीतून काढलं. हरणाबाई मागोमाग अनवाणीच आली. गावाने वाट दिली, पण "या देवा" कुणी म्हणालं नाही.

मेंढरं न्यायच्या पिकअपमध्ये मागे, रिकाम्या पोत्यांवर, तिघं बसली. गाडी डांबरी रस्त्याला लागली. ढोल पुन्हा सुरू झाल्याचा आवाज आला आणि विरत गेला.

"आबा," बिरदेव म्हणाला. "दिसतंय न्हवं?"

हा प्रश्न त्याने याआधी कुणालाच विचारला नव्हता. नानासोंनी फेट्याचं टोक उचलून पाहिलं. खोटं बोलायचं त्यांच्यात बळ नव्हतं.

"दिसतंय," ते म्हणाले.

बिरदेवने डोळे मिटले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी दिसतंय म्हणालं होतं. छातीवरचा दगड हलला, आणि एवढं हलकं वाटलं की त्याला रडू आलं. मग लगेच दुसरा विचार आला. ही जखम भरणार. आई हळद आणि लोणी लावणार, डॉक्टर मलम देणार, आणि महिन्याभराने आबा पुन्हा म्हणणार, काय न्हाई. तेव्हा पुन्हा तो एकटा पडणार. त्याचा हात आपोआप गालाकडे गेला. नखांनी फेट्याची कड उचलली.

नानासोंनी मनगट धरलं.

"सोडा, आबा. जरा बघतो फकस्त."

"न्हाई."

"एकदाच."

"न्हाई म्हटलं न्हवं?"

मेंढराची लोकर कातरताना पाय धरतात तसे त्यांनी त्याचे दोन्ही हात आपल्या गुडघ्यांमध्ये धरून ठेवले. बिरदेवने ओढून पाहिलं, हिसका दिला, आईकडे बघितलं. हरणाबाईने मान दुसरीकडे वळवली. तिला त्याच्याकडे बघवत नव्हतं. पण बिरदेवला वाटलं, आता आईलाही दिसलं.

जत जवळ आलं तेव्हा तो म्हणाला, "मिरजंत एक डॉक्टर बाई हाईत. त्या म्हणल्या हुत्या, कातडीत न्हाई म्हणून."

"मग कशात?"

डोक्यात, म्हणायला बिरदेवने तोंड उघडलं आणि मिटलं.

"तिथंच जाऊ," नानासो म्हणाले, आणि ड्रायव्हरच्या काचेवर थाप मारून ओरडले, "जतला न्हाई रं थांबायचं! सरळ मिरज!"

ड्रायव्हरने आरशातून मागे पाहिलं. बिरदेवने झटकन डावा गाल फिरवला आणि बापाच्या छातीत दडवला. हात अजून सुटायला धडपडत होते, आणि नानासोंनी ते सोडले नाहीत.